पावसाळाभर गावी उभी राहिलेली पॉर्शे बॉक्स्टर पुन्हा कशी चालू करावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: २००८ ची बॉक्स्टर मे महिन्यात गुहागरजवळच्या गावच्या घरी आणलीत, मध्येच कामासाठी बाहेर जावं लागलं, आणि गाडी पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. आता नोव्हेंबर. रिमोट दाबला तर काहीच होत नाही, पुढची डिकी उघडत नाही, बॅटरी नेमकी त्याच डिकीत, आणि शेजारचा डंपरवाला केबल लावून सेल्फ मारून देतो म्हणतोय.

आधी त्या डंपरवाल्याला चहा पाजून परत पाठवा. मोठ्या डंपरची सिस्टिम २४ व्होल्टची असते, तुमच्या गाडीची १२ ची. 'दोनातल्या एकाच बॅटरीवरून घेतो' असं तो म्हणेल, तरी नको. चिमटा एकदा चुकला की कंट्रोल युनिट गेलं, आणि ते चिपळुणात काय, पुण्यातही उद्या सकाळी मिळणार नाही.

मी चिपळुणात गॅरेज चालवतो. चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाड्या दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे येतातच. त्यात पॉर्शे क्वचित, पण दुखणी तीच. पाच-सहा महिने उभं राहून इंजिनाला सहसा काही होत नाही. मार खातं ते आजूबाजूचं सगळं: बॅटरी, ब्रेक, वायरिंग, गालिचे. मालक मात्र इंजिनाच्या काळजीनं पहिल्यांदा किल्लीच फिरवतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर इथे कितीतरी इंजिनं पुरानं नाही, तर घाईघाईनं मारलेल्या सेल्फनं गेली. सिलिंडरमध्ये पाणी, आणि वर मालक सेल्फ मारतोय. तुमच्याकडे पूर आला नव्हता, पण क्रम तोच ठेवा. किल्ली सगळ्यात शेवटी.

ताडपत्री काढताना हातानं ओढू नका, लांबून काठीनं सरकवा. ही गंमत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटी, ओल आणि उंदीर असले की फुरसं आणि लाल विंचू येणारच. (लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायची पद्धत आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवली. औषध आहे म्हणून हात घालायचा, असं मात्र नाही.) गाडीखाली, चाकांच्या आत आणि पुढच्या बंपरच्या जाळ्यांत टॉर्च मारून बघा, मगच जवळ जा.

मग उंदरांचा तपास. दारांच्या मागे दोन्ही बाजूंना ज्या जाळ्या आहेत, त्यातल्या एकीतून इंजिनाला हवा जाते. तिथे काथ्या, भाताचा पेंढा, काजूच्या बियांची टरफलं दिसली तर एअर फिल्टर उघडल्याशिवाय पुढे जायचं नाही. एका गाडीचा फिल्टर बॉक्स मी उघडला तर अर्धा भाग सुंभाच्या मऊ गादीनं भरलेला होता, आणि गादीच्या मधोमध सेन्सरच्या वायरी. इन्सुलेशन असं सोलून काढलेलं की तांबं लखलखत होतं. अशा वायरीत करंट सोडला की काय होईल ते सांगायला नको. मागे मधोमध सायलेन्सरचा पाइप आहे, त्यातही बघा. कुंभारीण माशीला असली भोकं फार आवडतात. मातीचं घरटं वाळून दगड होतं. ते पोखरून बाहेर काढा, आत ढकलू नका.

आता दार. रिमोट मेला तरी किल्लीच्या पात्यानं ड्रायव्हरचं दार उघडतं. पण या गाडीच्या काचेला चौकट नाही. एरवी दार उघडताना काच आपोआप थोडी खाली सरकते. बॅटरी नसल्यामुळे ती सरकणार नाही आणि छताच्या रबरात अडकेल. काच हलकेच बाहेरच्या बाजूला सोडवत दार उघडा. बंद करताना आपटू नका. खरं तर काम होईपर्यंत बंदच करू नका.

पुढच्या डिकीचं कुलूप विजेवर चालतं, म्हणून हा सगळा घोळ. त्याची सोय कंपनीनं करून ठेवली आहे, फक्त ती पुस्तकात दडलेली असते. पाय ठेवायच्या जागेत, दाराजवळ फ्यूज बॉक्स आहे. त्यात अधिक खुणेचा एक टर्मिनल बाहेर ओढता येतो. दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीची लाल केबल त्याला लावा आणि काळी दाराचं कुलूप ज्यात अडकतं त्या धातूच्या कडीला. बाइकची बॅटरीसुद्धा चालते, कारण फक्त कुलपाची छोटी मोटर फिरवायची आहे. लाल चिमटा दाराच्या पत्र्याला टेकू देऊ नका. वर कापड गुंडाळलं तर उत्तम. दार किल्लीनं उघडलेलं असल्यामुळे अलार्म बोंबलायला लागेल. रिमोटचं बटण दाबा, गप्प होतो. मग डिकीचं बटण दाबून धरा. 'टक' आवाज आला की एकानं लगेच झाकण उचलायचं. या टर्मिनलवरून गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये, तिथली वायर तेवढ्या करंटची नाही.

झाकण उघडलं की कुलपाच्या तोंडात फडकं कोंबा. बॅटरी सुटी असताना झाकण खाली पडलं, तर वरचा सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

बॅटरी उतरली यात नवल काही नाही. बंद गाडीतही अलार्म, घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर मिळून साधारण ५० मिलिअँपिअर खेचत राहतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ७० अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबानं दोन महिन्यांत रिकामी, म्हणजे तुमची ऑगस्टच्या आतच बसली. काळी केबल आधी सोडून बॅटरी बाहेर काढा आणि सावकाश चार्ज करा. आजकालचे हुशार चार्जर फार उतरलेली बॅटरी ओळखतच नाहीत. साधा जुना चार्जर थोडा वेळ लावला की मग ते ओळखतात. पूर्ण चार्ज झाल्यावर रात्रभर नुसती ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ च्या आसपास असेल तर बरी, १२.२ वर आली असेल तर तिचा भरवसा नाही. तीन महिने रिकामी राहिलेली बॅटरी बहुतेक वेळा बदलावीच लागते, तेवढी मनाची तयारी ठेवा.

चार्जिंग चालू असताना आतला ओलावा बघून घ्या. गाडीच्या दुमडत्या कापडी छताच्या खोबणीतून पाणी खाली जायला दोन्ही बाजूंना नळ्या असतात. त्या पानांच्या चिखलानं तुंबल्या की पाणी आत, सीटमागच्या गालिच्यात. गालिचा वरून कोरडा लागतो, त्याखालचा फोम दाबून बघा. ओला असेल तर सीट काढून वाळवायलाच हवा, कारण खाली वायरिंग आहे. नळ्या साफ करायला तार नको, गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घाला. सीटवरची बुरशी आधी बाहेर उन्हात कोरड्या फडक्यानं पुसा, मग लेदर क्लीनर. कापडी छत ओलं असेल तर वाळेपर्यंत उघडू नका, घडीवर कायमचा डाग पडतो.

ब्रेकवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. समुद्रापासून पाच किलोमीटरवर डिस्कवर जो गंज चढतो तो पुण्या-मुंबईच्या तांबूस थरासारखा नसतो, खपल्या निघतात. जाताना हँडब्रेक ओढून गेला होतात का? असाल तर मागच्या डिस्कच्या पोटात जो छोटा ड्रम आहे, त्यात हँडब्रेकचे लायनर चिकटले असणार. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला घ्या, दोघांनी मिळून गाडी पुढे-मागे हलवून बघा. हलली तर प्रश्न मिटला. नाही हलली तर इंजिनाच्या जोरावर ओढू नका, लायनर निखळून आत अडकतो. गाडी जॅकवर घ्या (शेडची जमीन मातीची असेल तर जॅकखाली जाड फळी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही), चाक काढा. चाकाच्या बोल्टांत एक लॉकचा असतो, त्याचा सॉकेट टूलकिटमध्ये शोधा. डिस्कच्या मधल्या फुगीर भागावर लाकूड धरून सगळीकडून हातोडीनं हलके ठोके द्या. थोड्या वेळानं लायनर सुटल्याचा आवाज स्पष्ट कळतो. गंज घालवायचा स्प्रे डिस्कवर किंवा लायनरवर चुकूनही मारू नका.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलूनच घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत पाण्याची कमी नाही. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी प्यायलेल्यासाठी हाच आकडा १५५ धरतात. सपाटीवर फरक कळत नाही, कुंभार्ली घाट उतरताना कळतो.

पेट्रोलचं लोकांना उगाच भय. टाकी अर्ध्याच्या वर होती तर जुनं काढायची गरज नाही, वर जमेल तेवढं ताजं टाका, शक्यतो ९५ ऑक्टेनचं. तळाशी थोडंसंच उरलेलं असेल तर मात्र काढून टाका. सध्या पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉल पाणी ओढतं, आणि २००८ ची गाडी ई२० डोळ्यांसमोर ठेवून बनलेली नाही. म्हणून बॅटरी जोडून नुसतं इग्निशन ऑन केल्यावर थोडं थांबा. पंप लाइनमध्ये प्रेशर भरतो. तेव्हा वास आला तर तिथेच बंद करून रबरी नळ्या तपासा.

मागच्या डिकीतून ऑइल आणि कूलंटची लेव्हल बघितलीत, शेडची दारं उघडी केलीत की मग किल्ली. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून आधी थोडा वेळ नुसता सेल्फ मारा, ऑइल वर चढतं. मग फ्यूज लावून स्टार्ट करा. अॅक्सिलरेटरला पाय लावू नका. मागून निळसर-पांढऱ्या धुराचा लोट आला तर घाबरून बंद करू नका: या इंजिनाचे सिलिंडर आडवे झोपलेले असतात, उभ्या गाडीत ऑइल झिरपून आत जमतं आणि सुरुवातीला जळतं. काही मिनिटांत धूर विरतो. सुरुवातीची टिकटिकही ऑइल पोहोचलं की जाते. ऑइलचा लाल दिवा विझत नसेल तर मात्र तत्काळ बंद. स्टिअरिंगच्या आणि पीएसएमच्या (गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेच्या) सूचना दिसतील, त्या थोडं चालवल्यावर बहुधा जातात.

उभ्या उभ्या अर्धा तास इंजिन चालवण्यात अर्थ नाही, ओल तशीच राहते. टायरची हवा स्टिकरप्रमाणे भरा आणि गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर हळू घ्या, मोकळ्या जागी ब्रेक हलके-हलके पुन्हा पुन्हा दाबा. पहिले काही मिनिटं चाकं चौकोनी असल्यासारखी धडधडतील, टायर गरम झाले की सहसा बसतं. परत आल्यावर, गाडी नीट तापलेली असतानाच ऑइल बदलायला द्या, म्हणजे ओलही त्याबरोबर जाईल. पुढच्या बंपरच्या आतल्या दोन कोपऱ्यांतली पानंही तेव्हाच काढून घ्या: रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर तिथेच आहे, आणि खाऱ्या हवेत कुजलेली पानं त्याला भोकं पाडतात.

हे सगळं मनासारखं झालं तरी पहिल्याच दिवशी हायवेला लागून मुंबई गाठू नका. आधी चिपळूणपर्यंत आणा, लिफ्टवर खालून बघून घेऊ. निघण्याआधी इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख बघा. शिवाय २००८ च्या गाडीची आरसी १५ वर्षांनी, म्हणजे २०२३ मध्येच, नूतनीकरणाला आलेली असणार. ते राहिलं असेल तर गाडी फ्लॅटबेडवर आणा.

बॅटरी रात्रभर ठेवल्यावर सकाळी किती व्होल्ट दाखवते ते खाली लिहा, म्हणजे नवी घ्यायची की नाही ते सांगता येईल.