योशीया राजा, सापडलेला ग्रंथ आणि पाडलेल्या वेद्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

यरुशलेम राजधानी असलेल्या यहूदा राज्याचा राजा योशीया (इ.स.पू. 640 ते 609) आणि त्याने केलेल्या धर्मसुधारणा यांविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. माणसांची आणि गावांची नावं मराठी बायबलमध्ये येतात तशी ठेवली आहेत.

प्रश्न : आठ वर्षांचं पोर गादीवर बसलं, मग कारभार कोण बघत होतं?

बायबल कुणा एकाचं नाव घेत नाही, पण वाचताना अंदाज येतो. योशीयाचा आजा मनश्शे याने 55 वर्षं राज्य केलं, तेही अश्शूर (असिरिया) साम्राज्याचा मांडलिक म्हणून. खंडणी भरायची, मान तुकवायची आणि यरुशलेमेत जी दैवतं येतील त्यांना जागा द्यायची, असा तो काळ. त्याचा मुलगा आमोन दोनच वर्षांत राजवाड्यात स्वतःच्या चाकरांच्या हातून मारला गेला. तेव्हा ‘देशातील लोक’ उठले, त्यांनी कटवाल्यांना ठार केलं आणि योशीयाला गादीवर बसवलं. हे लोक म्हणजे रस्त्यावरचा जमाव नव्हे. राजधानीबाहेरचे, जमीनजुमला असलेले, दाविदाच्या घराण्याशी निष्ठा राखणारे वजनदार लोक असावेत. पुढे योशीया मेल्यावर त्याचा कोणता मुलगा राजा होणार हेही त्यांनीच ठरवलं.

दरबारात चिटणीस शाफान आणि मुख्य याजक हिल्कीया ही दोन नावं महत्त्वाची. शाफानाचं घराणं लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा भेटेल.

दुसरी बाजू बाहेरची. योशीया वयात येत होता तेव्हाच अश्शूरचं साम्राज्य ढासळत होतं. इ.स.पू. 626 मध्ये नबोपोलस्सर बाबेलच्या (बॅबिलोन) गादीवर बसला आणि 612 मध्ये अश्शूरची राजधानी निनवे पडली. डोक्यावरचा धनी असा दुबळा झाला नसता, तर योशीयाला उत्तरेकडच्या, अश्शूरने घेतलेल्या शोमरोनच्या मुलखात शिरून वेद्या फोडता आल्या असत्या का? मला नाही वाटत.

प्रश्न : मंदिराच्या दुरुस्तीत ‘अचानक’ नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला म्हणतात. हा सरळसरळ बनाव नव्हता का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वाचकांनी विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रसंग असा. राज्याच्या अठराव्या वर्षी, म्हणजे सुमारे इ.स.पू. 622 मध्ये, मंदिराची डागडुजी चालू होती. पैशांचा हिशेब बघायला गेलेल्या शाफानाला हिल्कीया म्हणाला, मला परमेश्वराच्या मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आहे. शाफानाने आधी राजाला पैशांचा हिशेब सांगितला, मग ग्रंथाचं बोलला. मुरलेला चिटणीस! राजाने मजकूर ऐकला आणि अंगावरची वस्त्रं फाडली.

हा ग्रंथ म्हणजे बायबलमधल्या आजच्या ‘अनुवाद’ (इंग्रजीत Deuteronomy) या पुस्तकाचा गाभा असावा, असं प्राचीन ख्रिस्ती लेखकांनीही म्हटलं होतं. 1805 मध्ये डे वेट्टे या तरुण जर्मन अभ्यासकाने पुढचं पाऊल टाकलं : परंपरेने ज्याला नियमशास्त्राचा कर्ता मानलं त्या मोशेच्या काळचा तो नसून योशीयाच्या काळाच्या आसपासचा आहे. का? कारण योशीयाने जे जे केलं ते ‘अनुवाद’मध्ये जवळजवळ कलमवार सापडतं. बळी एकाच ठिकाणी द्यायचे, उच्च स्थानं (गावोगावची पूजास्थानं) मोडायची, अशेरा देवीचे खांब तोडायचे आणि मिसरातल्या (इजिप्त) गुलामीतून सुटकेची आठवण असलेला वल्हांडण सणही त्या एकाच ठिकाणी साजरा करायचा.

1805 नंतर मिळालेला पुरावा याहून रंजक आहे. अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. 672 मध्ये आपल्या मांडलिकांकडून वारसदाराशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा घेतल्या होत्या. त्या करारातले शाप आणि ‘अनुवाद’च्या 28व्या अध्यायातले शाप इतके जवळचे आहेत, की अनेक अभ्यासकांना तो योगायोग वाटत नाही. याच कराराची एक प्रत 2009 मध्ये तुर्कस्तानात तेल तायिनात इथे सापडली, तीही एका मंदिरात. मनश्शे मांडलिक होता. अशी एखादी पाटी यरुशलेमेतही असणं अगदी शक्य आहे. ज्या शब्दांत अश्शूरच्या राजाशी निष्ठा मागितली जात होती, त्याच शब्दांत कुणीतरी ती परमेश्वरासाठी मागितली. मला यात लबाडीपेक्षा बंड जास्त दिसतं.

मग बनाव की शोध? मंदिराच्या पायातून जुना लेख निघणं आणि राजाने त्यावरून कामाला लागणं, ही त्या मुलखातली ओळखीची गोष्ट होती. बाबेलचा राजा नबोनिदस यानेही पुढच्या शतकात मंदिरांचे पाये खणून जुन्या राजांचे लेख काढले आणि त्याचा अभिमान मिरवला. शिवाय जुन्या परंपरा नव्याने मांडून मोशेच्या तोंडी घालणं त्या लेखकांना खोटेपणा वाटला असेल असं मानायला आधार नाही. काही अभ्यासक ‘अनुवाद’ला बाबेलच्या बंदिवासानंतरचा, म्हणजे यरुशलेम पडून लोकांना बाबेलला नेलं त्यानंतरचा मानतात आणि ही शोधकथाही तेव्हाच रचली गेली म्हणतात. मी त्या पक्षातला नाही. त्याचं एक कारण : ‘अनुवाद’चा 17वा अध्याय राजाने घोडे, बायका आणि सोनं फार वाढवू नये, नियमशास्त्राची प्रत जवळ ठेवून रोज वाचावी असं बजावतो. गादीवर राजा असतानाच अशा ताकिदीला धार असते.

प्रश्न : यिर्मयासारखा संदेष्टा हयात असताना राजाने हुल्दा या स्त्रीला का विचारलं?

कारण ती तितक्या मान्यतेची होती, इतकंच. स्त्री आहे म्हणून ग्रंथकर्ता कुठेही सफाई देत नाही, नवल आपल्यालाच वाटतं. तिचा नवरा शल्लूम राजवस्त्रांचा भांडारी होता, म्हणजे दरबाराला घर ओळखीचं. यिर्मयाला तेव्हा संदेश द्यायला लागून पाचेक वर्षंच झाली होती. तिने सांगितलं ते मात्र गोड नव्हतं : या जागेवर अरिष्ट येणारच, फक्त राजा नम्र झाला म्हणून तो शांतीने आपल्या कबरेत जाईल. पुढे राजा मारला गेला. भाकीत नीट जुळलं नाही, तरी ते कुणी खोडलं नाही. म्हणूनच हा भाग मला जुना आणि अस्सल वाटतो.

प्रश्न : नेमकं काय काय पाडलं? आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांचं काय झालं?

यादी ‘2 राजे’च्या 23व्या अध्यायात आहे. मंदिरातली अशेरामूर्ती किद्रोन ओढ्याकाठी जाळून तिचा भुगा केला. सूर्याला वाहिलेले घोडे हलवले, सूर्याचे रथ जाळले. हिन्नोमच्या खोऱ्यातलं तोफेथ, जिथे मुलांना अग्नीत अर्पण करत, ते भ्रष्ट केलं. शलमोनाने परक्या दैवतांसाठी बांधलेली उच्च स्थानंही गेली. उत्तरेतल्या बेथेल या जुन्या तीर्थस्थानी तर कबरींतली हाडं उकरून वेदीवर जाळली, म्हणजे ती वेदी कायमची विटाळली. शोमरोनच्या नगरांतल्या याजकांना त्यांच्याच वेद्यांवर मारलं. सुधारणा म्हणताना हे रक्त विसरू नये.

पण खरी उलथापालथ परक्या देवांची नव्हती. गेबापासून बैर-शेबापर्यंत गावोगावी उच्च स्थानं होती आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी यहूदाच्याच परमेश्वराला धूप जाळला जाई. तीही बंद झाली. तिथल्या याजकांना यरुशलेमेत आणलं, भाकरीचा वाटा दिला, पण वेदीजवळ उभं राहू दिलं नाही. गावोगावच्या गुरवांना उचलून एका मोठ्या देवस्थानात आणावं, जेवायला घालावं आणि गाभाऱ्यात मात्र येऊ देऊ नये, तसं हे झालं.

याचा परिणाम थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. एरवी जनावर कापायचं तर ते वेदीपाशी, देवाला अर्पूनच. आता वेदी उरली एक, तीही दूरच्या गावाला दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. म्हणून ‘अनुवाद’चा 12वा अध्याय मोकळीक देतो : गावातच कापा, खा, फक्त रक्त पाण्यासारखं जमिनीवर ओता. 14व्या अध्यायात आणखी एक सोय आहे : वाट लांब असेल तर दशमांश (देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) विकून चांदी करा, ती गाठीला बांधून न्या आणि तिकडे जाऊन हवं ते विकत घ्या. देवाच्या नावाने निघणारा पैसा असा राजधानीत येऊ लागला. वल्हांडण हा घराघरातला सण, तोही यरुशलेमेत भरला. राजाने स्वतःच्या कळपांतली 30,000 शेरडंमेंढरं आणि 3,000 बैल दिले, असं ‘2 इतिहास’ सांगतो. आकडे फुगवलेले असतील, पण सण कुणाच्या खर्चाने आणि कुणाच्या अंगणात झाला, हे त्यांतून कळतं.

प्रश्न : उत्खननांत याचा काही पुरावा मिळाला आहे का?

माणसांचा मिळाला आहे, मोडतोडीचा फारसा नाही. 2019 मध्ये यरुशलेमेत मातीचा एक मुद्रांकित गोळा प्रसिद्ध झाला, त्यावर ‘राजाचा सेवक नथान-मेलेख’ अशी अक्षरं आहेत. ज्याच्या खोलीपाशी सूर्याचे घोडे होते तो अधिकारी याच नावाचा. 1982 मध्ये तिथेच ‘शाफानाचा पुत्र गमऱ्या’ असा ठसा मिळाला होता. हा बहुधा आपल्या चिटणिसाचाच मुलगा. योशीयाचा मुलगा यहोयाकीम यिर्मयाच्या संदेशांची लिखित गुंडाळी फाडून शेगडीत टाकत होता, तेव्हा नको म्हणणाऱ्यांत गमऱ्याही होता. योशीयाने ग्रंथ ऐकून वस्त्रं फाडली, त्याच्या मुलाने ग्रंथच फाडला.

अराद इथल्या किल्ल्यातलं लहानसं मंदिर मुद्दाम बंद केलेलं सापडलं, धूपवेद्या आडव्या ठेवून झाकलेल्या. पण ते योशीयाच्या नव्हे, त्याचा पणजा हिज्कीया याच्या काळातलं असावं असं आता बरेच जण मानतात. उलट मोठ्या स्तनांच्या स्त्रीमूर्ती, मातीच्या, हातभर नव्हे तर मुठीत मावणाऱ्या, यहूदातल्या घराघरांत शेवटपर्यंत मिळतात.

आणि यिर्मयाचा 44वा अध्याय वाचा. यरुशलेम पडल्यावर मिसरात पळून गेलेली माणसं, विशेषतः बाया, त्याला तोंडावर सुनावतात : आकाशराणी देवीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर अन्न होतं, ते सोडलं तेव्हापासून सगळ्याची वाण पडली. यातलं ‘सोडलं’ म्हणजे बहुधा योशीयाची मोहीमच. जमिनीवर ही सुधारणा राजाबरोबरच विरली, असं माझं मत आहे. टिकली ती ग्रंथात, शाफानाच्या घराण्यासारख्या लिहित्या माणसांमुळे.

प्रश्न : इतका शहाणा राजा मिसरचा राजा फारो नखो याच्या वाटेला का गेला?

इ.स.पू. 609. नखो मोडकळीला आलेल्या अश्शूरच्या मदतीला उत्तरेकडे चालला होता. मगिद्दो ही त्या वाटेवरची खिंड. ‘2 राजे’ एका वाक्यात संपवतं : योशीया त्याला सामोरा गेला आणि नखोने त्याला पाहताच मगिद्दोत मारलं. ‘2 इतिहास’मध्ये मात्र वेष पालटलेला राजा आहे, तिरंदाज आहेत, माझ्या आड येऊ नकोस असा नखोचा निरोप आहे. अश्शूर पुन्हा उभं राहू नये म्हणून योशीया अडवायला गेला, हे नेहमीचं स्पष्टीकरण. काहींच्या मते लढाई झालीच नाही, जाब विचारायला बोलावून त्याला संपवलं. त्रोटक नोंदीशी हे जास्त जुळतं. काही असो, मुलगा यहोआहाज तीन महिन्यांत मिसरात कैदी म्हणून गेला आणि देशावर 100 किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी व एक किक्कार सोन्याची खंडणी बसली. 23 वर्षांनी मंदिरही जळालं.

प्रश्न : आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचा योशीयाशी काही संबंध लावता येतो का?

वंशाचा किंवा काळाचा नाही. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, ही त्यांची परंपरा आहे, पण त्याचा काळ ठरवता येत नाही. धागा आहे तो ग्रंथाचा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’नी शतकानुशतकं जपलेली प्रार्थना म्हणजे शमा : ‘हे इस्राएल, ऐक’. ती ‘अनुवाद’च्या 6व्या अध्यायातली आहे, म्हणजे ज्या पुस्तकाचा गाभा योशीयाला वाचून दाखवला गेला असावा त्याच पुस्तकातली.

प्रश्न : मूळ वाचायचं तर कुठून सुरुवात करू?

‘2 राजे’ 22 आणि 23 एका बैठकीत वाचा, मग ‘2 इतिहास’ 34 आणि 35. दुसऱ्या वृत्तान्तात मोडतोड ग्रंथ सापडण्याच्या सहा वर्षं आधीच सुरू होते, तो फरक टिपून ठेवा. त्यानंतर ‘अनुवाद’ 12 ते 18. यिर्मया 36 आणि 44 शेवटी.