लाइटची टोपी आणि सासूबाईंचा हात

प्रश्न : सासूबाईंचा सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी निघाली आणि उजवा हात गेला. आता मूठ मिटते, पण बोटं सुटी हलत नाहीत. पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो, डोक्याला लाइटची टोपी लावून, हात हलवताना मेंदू कुठे काम करतो ते बघता येतं. त्या एमआरआयला फार घाबरल्या होत्या. त्याऐवजी हे करावं का? अपाय तर होणार नाही?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, अपाय काही नाही. कोरोनात आपण बोटाला ऑक्सिमीटर लावायचो, त्याच जातीचा हा प्रकाश. तो कातडी आणि कवटी पार करून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, पोचतो. त्यातला थोडा परत बाहेर येतो आणि तीनेक सेंटिमीटरवरचा सेन्सर तो टिपतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळा शोषतं. हात हलला की मेंदूच्या त्या भागात ताजं रक्त धावतं, पण पाच-सहा सेकंद उशिरा. म्हणून थोडा वेळ बोटं हलवा, थोडा वेळ थांबा, असं पुन्हा पुन्हा करून घेतात. अशा प्रकाशाने मेंदूतला ऑक्सिजन बाहेरून मोजता येतो, हे फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञाने १९७७ साली दाखवलं.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते हे, की माणूस खुर्चीत बसून खरंखुरं काम करू शकतो. मशीनच्या बोगद्यात निपचित पडावं लागत नाही. उजवा हात मुख्यतः डावा मेंदू चालवतो. लकव्यानंतर मात्र पुष्कळदा दोन्ही बाजू कामाला लागतात, आणि हात चांगला सुधारला तर काम बऱ्याचदा पुन्हा मूळ बाजूकडे सरकतं. टोपीतून हा बदल दिसू शकतो. पण काळे, दाट केस प्रकाश गिळतात, म्हणून प्रत्येक सेन्सरखाली भांग पाडत बसावं लागतं. डोकं हललं, दात आवळले, तरी नोंद बिघडते.

तरीही सासूबाईंसाठी मुद्दाम शोधत फिरू नका. गुठळी यात दिसत नाही, खोलवरचा मेंदूही दिसत नाही. एमआरआयची जागा ही टोपी घेऊच शकत नाही. अजून ती मुख्यतः संशोधनात वापरतात, आणि तिच्यामुळे त्यांचे व्यायाम बदलणार नाहीत. कुणी अभ्यासासाठी बोलावलं तर संमतीपत्र नीट वाचून खुशाल जा. पैसे मागितले तर नको.

त्यापेक्षा त्यांचं विड्या वळायचं सूप पुढ्यात ठेवा. तंबाखू नको. तेंदूपानाच्या मापाचे जाड कागद कापा. आधी नुसतं उचलून ठेवणं, मग सुरळी करणं, जमेल तेव्हा दोरा. डाव्या हाताने मदत चालेल, पण सगळं काम त्याला करू देऊ नका. थकल्या की थांबवा. खांदा कानाकडे चढत असेल तर कोपराखाली उशी द्या. आणि उठवताना उजव्या हाताला धरून कधीही ओढू नका. कमजोर खांदा त्याने निखळतो, मग दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो.