फी सांगताना जीभ अडखळते...

प्रश्न : मी नाशिकचा. दोन वर्षांपूर्वी सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून रजिस्ट्रेशन केलं. 40 कुटुंबं आहेत, प्रत्येकाकडून वर्षाला 5,000 घेतो. ऑफिसचं भाडंसुद्धा निघत नाही हो. त्यापेक्षा त्यांच्या गुंतवणुकीच्या रकमेवर सरळ एक टक्का घेऊ का?

उत्तर : दादा, टक्क्याचा नियम आधी सांगते. वर्षाला एका कुटुंबाकडून रकमेच्या अडीच टक्क्यांपर्यंत घेता येतात, नाहीतर ठरावीक फी, तिची मर्यादा आता 1,51,000 आहे. पण एक टक्का लावलात तर 8 लाखवाल्या तरुण जोडप्याचे 8,000 होतात आणि सव्वा कोटीवाल्या रिटायर्ड काकांचे सव्वा लाख, आणि काम बघायला गेलं तर होमलोन, मुलाची शाळा, टर्म इन्शुरन्स असं सगळं त्या जोडप्याचंच जास्त असतं. मला ते पटत नाही. मी ठरावीक फीच्या बाजूची.

आता वही काढा. घरखर्चाला 9 लाख आणि ऑफिस, सॉफ्टवेअर, माणूस मिळून 6 लाख धरले तर 15 लाख झाले. क्लायंटच्या कामाचे तास वर्षाला हजारच्या वर निघत नाहीत, बाकी वेळ कागदपत्रात जातो. म्हणजे तासाला 1,500. नवीन कुटुंबाला पहिल्या वर्षी 20 तास लागत असतील तर 30,000, पुढच्या वर्षी 10 तास, तर 15,000. हे आकडे उदाहरणाचे, तुमचे तुम्ही महिनाभर तास लिहून काढा, अगदी रात्रीचे व्हॉट्सअॅपचे पण.

सुरुवातीला माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, भाजीच्या पिशवीत पॉलिस्या, एफडीच्या पावत्या, पासबुकं सगळं कोंबलेलं. तीन संध्याकाळी बसून लावून दिलं आणि संकोचापायी 2,000 सांगितले. मग पोट भरायला इतकी कुटुंबं घेतली की आजींचा फोन आला की उद्या बघू म्हणायचे, आणि तेवढ्यात त्यांची एक एफडी आपोआप रिन्यू झाली, पैसे तर औषधपाण्याला हवे होते. कमी फी घेऊन मी त्यांचं भलं केलं नव्हतं. हे मला अजून टोचतं.

ज्यांना खरंच झेपत नाही त्यांना वर्षभराचं पॅकेज देऊ नका, एकदाच प्लॅन करून द्या आणि तेवढ्याचेच घ्या. आणि ज्याच्याकडून फी घेता त्याच्याच फंडातून कमिशन नाही म्हणजे नाही, त्याला म्युच्युअल फंडाचा डायरेक्ट प्लॅनच, म्हणजे ज्यात कमिशन नसतं तोच, सांगायचा. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, रोख घ्यायचे नाहीत. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की 18 टक्के जीएसटी लागतो, तो वेगळा दाखवा, नाहीतर तुमच्याच खिशातून जाईल.

जुन्या 40 जणांना मधेच वाढ लावू नका. रिन्यूअलच्या दोन महिने आधी फोन करा, काय काय काम केलं ते सांगा, मग नवा आकडा सांगा आणि गप्प बसा. लगेच "तुमच्यासाठी कमी करतो" म्हणायचं नाही. काही जण सोडून जातील, जाऊ द्या. उरलेल्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलता येईल.