कुत्र्याच्या कानावर फुगलेल्या गोचिडीखाली दुसरी छोटी गोचीड चिकटलेली दिसली. ते तिचं पिल्लू आहे का? अंडीही अंगावरच घातली असतील का?

पिल्लू नाही, तो नर आहे. आणि अंडी कुत्र्याच्या अंगावर सापडणार नाहीत, ती घरात शोधावी लागतील.

गोचिडीचं अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू तिळापेक्षा बारीक असतं, त्याला सहाच पाय असतात. फुगलेल्या मादीखाली चिकटलेला आठ पायांचा, चपटा, तपकिरी जीव म्हणजे बहुधा पूर्ण वाढलेला नरच. मादीनं काही दिवस रक्त प्यायलं की तिच्या अंगातून एक गंध सुटतो. त्याच्या मागावर नर कातडीवरून चालत येतो, तिच्या खाली शिरतो आणि पोटाला पोट लावून चिकटतो. शुक्राणूंची पिशवी तो चक्क तोंडाच्या अवयवांनी तिच्या जननछिद्रात सरकवतो. ती तेव्हाही तोंड रुतवून रक्त पीतच असते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. नर भेटला नाही तर मादी अर्धवट भरून तशीच चिकटून राहते. भेटला की शेवटच्या एक-दोन दिवसांत झपाट्यानं फुगते, मूळ वजनाच्या सुमारे 100 पट! रक्तातलं जास्तीचं पाणी ती लाळेवाटे परत कुत्र्याच्या अंगात सोडते, आणि रोगजंतूही याच लाळेतून शिरतात.

मग ती गळून पडते. अशी एक मादी मी कापड बांधलेल्या बाटलीत ठेवून पाहिली होती. काही दिवस ती नुसती पडून होती. मग तोंडापुढे चकचकीत तपकिरी दाण्यांचा ढीग वाढू लागला. भिंगातून पाहिलं तर डोक्याजवळून एक ओलसर फुगा बाहेर यायचा आणि प्रत्येक अंड्याला मेणाचा लेप देऊन आत जायचा. हा लेप नसेल तर अंडी वाळून जातात. ढीग वाढत गेला तशी ती सुरकुतत गेली आणि शेवटी मेली. कुत्र्यावरची एक मादी 4000 पर्यंत अंडी घालू शकते.

म्हणून फुगलेली गोचीड बोटांनी चिरडू नका, नुसती खाली टाकूनही देऊ नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये बुडवा. कुत्र्याला औषध पशुवैद्यांना विचारूनच लावा. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा. भिंतीच्या फटी, दाराच्या चौकटी पाहताना वरपर्यंत पाहा, कारण ही जात अंडी घालायला भिंतीवर चढते.