जागेचा सल्ला: सामाईक सातबारा, गुंतवणूकदाराचं कलम आणि भाडेकरू

प्रश्न: शिरूर तालुक्यात तीन गुंठ्यांचा प्लॉट पाहिला आहे. एजंट म्हणतो, अकरा जणांचं मिळून एकच खरेदीखत होईल, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतील आणि पुढे ‘एनए होणारच आहे’ (म्हणजे जमीन अकृषिक, शेतीशिवाय वापराची होईल). आमच्या घरात कोणाचीही शेती नाही. पैसे घालावेत का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: घरात शेती नसेल तर शेतजमीन घेण्यासाठी कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. ‘शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो’ असं एजंट म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. खोट्या दाखल्याचा गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो.

अकरा जणांची मोट का बांधतात तेही समजून घ्या. तुकडेबंदीचं (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याचं) प्रमाणभूत, म्हणजे किमान क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. तीन गुंठ्यांचं स्वतंत्र खत त्यात बसत नाही. 33 गुंठे एकत्र विकले की अडसर दूर होतो, दस्त नोंदतो, फेरफारही (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) मंजूर होतो. जागेवर खांब रोवून ‘हा तुमचा तीन गुंठे’ असं दाखवलं जातं, पण ते खांब कुठल्याच सरकारी नकाशावर नसतात. कागदावर तुमच्याकडे असतो तो 33 गुंठ्यांतला अविभक्त हिस्सा. रस्त्याकडेचा तुकडा कोणाचा यावर उद्या वाद झाला तर दिवाणी दाव्याशिवाय गत्यंतर नाही. पोटहिस्सा पाडायला गेलात की तीच तुकडेबंदी आडवी येते. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही आणि विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईकही असाच सामाईक हिस्सा घ्यायला तयार असणारं शोधावं लागतं. शहरी हद्दीतल्या तुकड्यांसाठी शासनाने 2025 मध्ये नियम सैल केले आहेत. एजंट त्याचा दाखला देईल. तुमचा गट त्या हद्दीत आहे का, हे झोन दाखल्यावरून बघा, त्याच्या तोंडून नको.

खराखुरा एनए प्लॉट असेल तर तीन कागद हजर असतात: मंजूर रेखांकनाचा नकाशा, अकृषिक आदेश किंवा सनद, आणि त्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका. ‘प्रस्ताव दाखल केलाय’ हा कागद नव्हे.

कुठलीही जमीन घेताना सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आधी वाचा. बोजा, कूळ, पुनर्वसनासाठी राखीव, इनाम किंवा वतनाची नोंद, सगळं तिथे सापडतं. वर ‘भोगवटादार वर्ग 2’ (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) असेल तर परवानगी आणि नजराण्याशिवाय (सरकारला भरायच्या रकमेशिवाय) हस्तांतर होत नाही. मग मागच्या तीस वर्षांचे फेरफार काढा. एखाद्या वारस नोंदीत बहिणींची नावं गळालेली दिसली तर त्या सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र घेतल्याखेरीज इसार देऊ नका. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही, म्हणून दुय्यम निबंधकाकडचा सर्चही (जुन्या नोंदणीकृत दस्तांचा शोध) हवाच.

प्रश्न: पुण्यात बांधकाम चालू असलेला 80 लाखांचा फ्लॅट घेऊन ताब्याच्या सुमारास विकायचा आहे. मुद्रांक शुल्क दोनदा जाईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: करारनामा कुठल्या अनुच्छेदाखाली केला यावर ते ठरतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतला अनुच्छेद 5(ग-अ)(दोन) गुंतवणूकदारासाठी आहे. विकासकाशी होणाऱ्या करारात खरेदीदार ‘गुंतवणूकदार’ असल्याचा आणि या अनुच्छेदाचा स्पष्ट उल्लेख हवा. नंतर जोडता येत नाही. मग त्या कराराच्या तारखेपासून तीन वर्षांत (2022 पूर्वी ही मुदत एकच वर्ष होती) विकलात, तर आधी भरलेलं शुल्क पुढच्या दस्तात वळतं होतं. 7 टक्क्यांनी तुम्ही 5,60,000 भरले आणि फ्लॅट 95 लाखांना गेला, तर त्यावरचं शुल्क 6,65,000. भरायचे फक्त 1,05,000. नोंदणी फी मात्र पुन्हा लागते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वळतं झालेलं शुल्क वाचतं ते तुमच्या गिऱ्हाइकाचं. तेव्हा किमतीच्या घासाघिशीत ते आधीच मोजून घ्या. शिवाय 24 महिन्यांच्या आत विकलात तर नफा अल्पकालीन धरून तुमच्या कर टप्प्याने कर बसतो. त्यानंतर दीर्घकालीन, 12.5 टक्के. म्हणजे सोयीची खिडकी 24 ते 36 महिन्यांची. विकासक हस्तांतराला किती शुल्क लावतो ते कलम सही करण्याआधी वाचा.

प्रश्न: विकासक 25 टक्के आगाऊ मागतो, दरमहा खात्रीचा परतावा आणि दोन वर्षांनी फ्लॅट परत विकत घेण्याची हमी देतो. करार नंतर करू म्हणतो.
– एक वाचक, पनवेल

उत्तर: नको. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेताच येत नाहीत. आणि अशा परत-खरेदीच्या योजनेतल्या गुंतवणूकदाराला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये सट्टेबाज गुंतवणूकदार ठरवून विकासकाविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू करण्याचा हक्क नाकारला आहे.

प्रश्न: 11 महिन्यांची मुदत संपली, भाडेकरू जागा सोडत नाही. करार नोंदवला होता. कुलूप लावू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कुलूप लावू नका, वीज-पाणीही तोडू नका, फिर्यादीचे आरोपी व्हाल. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं, ते अर्जातच लिहा. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूने लढायची परवानगी मागितली नाही, तर त्याला बाजू मांडता येत नाही.

करार नोंदवलेला आहे म्हणून हे सोपं आहे. नोंदणी करून घेणं ही घरमालकाचीच जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खर्चही मोठा नाही. भाडं 22,000 आणि अनामत एक लाख असेल, तर 11 महिन्यांचं भाडं 2,42,000, अनामतीवर 10 टक्क्यांनी व्याज 9,167, आणि या बेरजेवर 0.25 टक्के म्हणजे सुमारे 628 रुपये मुद्रांक. नोंदणी फी शहरात 1,000 रुपये.