गॅलरीतल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यात हिवाळ्यात किती वॅटचा बल्ब लावावा?

तुम्ही विचारलंय, नागपुरात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोन गिनीपिग आहेत, रात्री अंग फुगवून बसतात, तर चाळीसचा बल्ब पुरेल की साठचा लागेल? आणि स्वेटर घालावा का?

बल्ब नको. झीरोचासुद्धा नको.

बल्बवरून आमच्या शेजारच्या काकांशी माझा वाद तीन हिवाळे चालू आहे, म्हणून हे लिहायला बसलो. काकांची पोल्ट्री होती आणि त्यांचं पालुपद एकच: "कोंबडीच्या पिल्लांना लावतोच ना आपण?" लावतो. एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरवायचे. गिनीपिगचं पिल्लू मात्र अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं. मोठ्या गिनीपिगला १८ ते २४ अंश मानवतात, अठ्ठावीसच्या आसपास तो दमतो आणि तिशीच्या वर उष्माघाताची भीती. म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना जे ब्रूडर (उबेची पेटी), ते गिनीपिगला नागपूरचा मे महिना.

तरी काकांनी नातीच्या दोन गिनीपिगांच्या पिंजऱ्यात साठचा बल्ब लावलाच. पिंजरा नेहमीसारखा, अर्धी बंद लाकडी खोली आणि अर्धा जाळीचा मोकळा भाग. बल्ब खोलीत, छतापासून चार बोटं खाली. एवढ्याशा डब्यात साठ वॅट म्हणजे भट्टीच. आत बसवेना म्हणून दोघंही बाहेर जाळीला नाक लावून झोपू लागले, भर वाऱ्यात. काका खूश, "पाहा, थंडीच वाजत नाही त्यांना!" तिसऱ्या दिवशी एकाचं नाक वाहायला लागलं. उबेची एकच जागा होती, ती बल्बनं काढून घेतली. त्यात उजेडामुळे रात्रभर झोप नाही, पहाटे लाइट गेली की पेटीचा पारा एकदम खाली. शेजारी वाळलेलं गवत आणि आयुष्यभर वाढणाऱ्या दातांनी वायर कुरतडणारे प्राणी, हे वेगळंच. काका अजूनही म्हणतात, ते नाक धुळीनं वाहिलं.

आता तुमचा पिंजरा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या गोठण्याचे विदेशी व्हिडिओ सोडून द्या. आपली अडचण दिवस आणि रात्रीमधल्या फरकाची आहे: दुपारी २८, पहाटे १०, आणि लाट आली की त्याहून खाली. २९ डिसेंबर २०१८ ला तर शहराचा पारा ३.५ पर्यंत उतरला होता. कोरड्या, वारा नसलेल्या जागी भरपूर गवतात बसलेला धडधाकट गिनीपिग दहा अंशाची रात्र काढतो. वारा किंवा ओल मिळाली की त्याच दहा अंशात निमोनिया होतो.

म्हणून आधी वारा. पिंजरा कठड्यापासून उचलून घराच्या भिंतीला लावा, बंद पाठ उत्तर-पूर्वेकडे. गॅलरीची फरशी रात्री गार पडते, तेव्हा पिंजरा फूट-दीड फूट उंच स्टुलावर हवा. तळाला जाळी असेल तर त्यावर प्लायवूड टाका. जाळीतून खालून वारा लागतो आणि पायाला फोडही येतात. पाठीला आणि दोन्ही बाजूंना इंचभर जाडीचा थर्माकोल, तोही बाहेरूनच. आत लावलात तर खाऊन टाकतील.

झोपायची खोली मोठी असली की बरी, हा गैरसमज आहे. दोघांना सव्वा फूट बाय एक फूट, उंची आठ इंच, एवढी पुरे. हवा जितकी कमी, तितकी त्यांच्याच अंगाच्या उबेनं लवकर तापते. (फिरायला जागा मात्र वेगळी हवी, निदान चार बाय दोन फूट.) दार चार-पाच इंचाचं, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला.

आत खाली वर्तमानपत्राचे आठ-दहा कागद, वर चार इंच वाळलेलं गवत. धानाचं तणीस खाली अंथरायला चालतं, पण पोट त्यावर भरत नाही, खायला गवत वेगळं द्या. कुटार नको, धूळ छातीत जाते आणि टोकं डोळ्यात. जुन्या साडीची गोधडीही नको. मूत शोषून ती ओली राहते आणि सुटलेले धागे बोटांना आवळतात. ऊब गवतात अडकलेली हवा देते. दाबलं गेलेलं गवत उपयोगाचं नाही, रोज संध्याकाळी मूठभर नवं टाकून फुलवा. ओला कोपरा रोज काढा, नाहीतर अमोनिया साचतो आणि फुप्फुसं आधी तोच बिघडवतो. त्यांच्या नाकाच्या उंचीवर आपलं नाक नेऊन वास घ्या, कळतं.

संध्याकाळी सातला जाळीवर बारदान सोडा, पण वरचे दोन इंच उघडे ठेवा. सगळीकडून प्लास्टिक गुंडाळलं की आत वाफ धरते आणि गवत ओलं होतं. सकाळी साडेआठ-नऊला बारदान वर. दुपारपर्यंत राहून गेलं तर उन्हातली पेटी त्यांना शिजवेल.

लाटेच्या रात्री एक लिटरची पाण्याची बाटली भरा. पाणी उकळतं नको, आंघोळीच्या पाण्याहून थोडं गरम. दोन पायमोज्यांत घालून खोलीच्या एकाच कोपऱ्यात ठेवा, म्हणजे नको वाटलं की त्यांना सरकता येईल. सगळ्यात कडाक्याची वेळ सूर्योदयाच्या सुमारास असते. रात्री अकराची बाटली तेव्हा गार झालेली असते, म्हणून पाचला नळ भरायला उठाल तेव्हा बदला.

स्वेटर नको. कुरतडून गिळतात.

खाण्याचं म्हणाल तर संत्र्याची एखादी फोड ठीक आहे, पण क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही आणि पेरू किंवा ढोबळी मिरचीत ते संत्र्याहून जास्त मिळतं. लसूणघास मोठ्यांना रोज नको, कॅल्शियमनं मूत्रखडे होतात.

हे सगळं धडधाकट जोडीसाठी. गाभण मादी, महिन्याच्या आतली पिल्लं, म्हातारा किंवा एकटा गिनीपिग असेल तर पिंजरा सरळ घरात घ्या. खरं तर लाटेत सगळ्यांनाच घ्या, हे आधीच सांगायला हवं होतं. थर्मोस्टॅटचा हीटिंग पॅड पेटीच्या बाहेरून, वायर नळीत घालून लावता येतो, हेही काकांना मान्य करून टाकतो. अर्धा दिवस खाल्लं नाही, लेंड्या बारीक झाल्या, श्वासाला आवाज आला, तर वाट पाहू नका. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घरातलं अमॉक्सिसिलिन चुकूनही देऊ नका, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून गिनीपिग दगावतो.

आणि बल्ब आधीच लावला असेल तर नुसता बंद करून ठेवू नका, होल्डर आणि वायरही काढा. दात तिथवर पोचतात.