नेक्टन म्हणजे मोठे प्लवक का?

एका ताईनं विचारलंय, पोराच्या बायोलॉजीच्या नोट्समध्ये नेक्टन शब्द आला, त्याले मराठीत 'मोठे प्लवक' म्हणलं तं चालते का.

नाही चालत ताई. फरक आकाराचा नाहीच, प्रवाहापुढे कोण टिकते याचा आहे. पाणी नेईल तिकडे जाते ते प्लवक (इंग्रजीत प्लँक्टन), स्वतःच्या ताकदीनं धारेच्या उलट जाऊ शकते ते नेक्टन, अन् तळ धरून राहते ते बेंथॉस. आपल्याकडे पहिला पूर आला का नाल्यात मासोळी धारेवर चढते अन् शेवाळ खाली वाहून जाते, तसंच पाहा. प्लँक्टन हा शब्द व्हिक्टर हेन्सननं 1887 मध्ये आणला, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भटकणारा, अन् नेक्टन अर्न्स्ट हेकेलनं 1890 मध्ये, अर्थ पोहणारा.

आता आकाराचं घ्या. लायन्स मेन जेलीफिशची छत्री दोन मीटरच्याही वर जाते, ती छत्री मिटून-उघडून थोडीफार सरकतेही, पण प्रवाहापुढे तिचं काही चालत नाही म्हणून ती प्लवकच. उलट वीतभर माकूळ (स्क्विड) नेक्टन आहे! गोगलगायीच्या संघातलं मऊ जनावर, पण अंगात पाणी भरून नळीतून जोरात फेकते अन् सपकन उलट्या दिशेनं निघते. ट्यूना तं थांबूच शकत नाही, तोंड उघडं ठेवून सतत पोहते तेव्हाच कल्ल्यांवरून पाणी जाऊन तिला ऑक्सिजन मिळते. नेक्टनमध्ये शार्क आहे, समुद्री कासव आहे, पेंग्विन आहे, देवमासाही आहे, अन् तो तं मासाच नाही, सस्तन प्राणी, म्हणून त्याची शेपूट वर-खाली हलते, माशाची डावी-उजवी. म्हणजे नातं जुळत नसलेले जीव एका शब्दात बसलेत.

मला यातलं सगळ्यात भारी हे वाटते का बांगडा, ट्यूना यांची अंडी अन् बारीक पिल्लं पाण्यावर वाहत असतात, तेव्हा ते प्लवक, अन् अंगात जोर आला का तोच जीव नेक्टन. म्हणून हे जातीचं नाव नाही, जगण्याच्या रीतीचं आहे, हे पोराले नक्की सांगा, नाहीतं तो वर्गीकरणाच्या तक्त्यात नेक्टन शोधत बसेल.

मराठीत काय लिहायचं? 'तरणक' म्हणता येते, पण तरणे म्हणलं का आपल्याले पोहणं अन् तरंगणं दोन्ही आठवते, अन् इथं तोच भेद दाखवायचा आहे. मी तं 'नेक्टन (प्रवाहाविरुद्ध पोहणारे जीव)' असंच लिहीन.

अंटार्क्टिक क्रिल, म्हणजे झिंग्यासारखा बारीक जीव, मात्र काठावरचं आहे, सहा सेंटीमीटरपर्यंत वाढते, थवे करून बऱ्यापैकी पोहते, त्याले कोणी प्लवकात धरते तं कोणी छोट्या नेक्टनमध्ये. नोट्समध्ये दोन ठिकाणी दोन गोष्टी दिसल्या तं घाबरू नका, दोन्ही लिहिणारे बरोबर आहेत.